कुटुंबासाठी लक्झरी एसयूव्ही निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी घ्यायच्या बेतात असलेल्या कुटुंबांकडून तेच तेच प्रश्न थोड्याफार फरकानं येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि अडचणीचे नंतर. इंजिनाची ताकद आणि शून्य ते शंभरचे सेकंद इथे जवळजवळ सापडणार नाहीत. या वर्गातली सगळ्यात सावकाश गाडीसुद्धा कुटुंबाच्या कामाला पुरून उरते. खरा फरक कळतो तो मागचं दार उघडून आत शिरल्यावर.

१. साध्या मोठ्या एसयूव्हीपेक्षा लक्झरी एसयूव्हीत जास्तीचे पैसे नेमके कशाचे जातात?

बरेचसे पैसे न दिसणाऱ्या गोष्टींत जातात: दुहेरी काचा, दारांची जाड रबरं, आवाज शोषणारे थर, अनेक सांध्यांचं मागचं सस्पेन्शन, चांगल्या फोमच्या सीट. पाच तासांच्या प्रवासानंतर पाठ आणि कान किती थकलेत त्यावरून ही किंमत कळते. उरलेले पैसे मोठे पडदे, रंगीत दिवे, स्पीकर आणि कंपनीच्या बिल्ल्याचे. यातलं तुमच्या घराला काय लागतं ते आधी ठरवा, कारण शोरूममध्ये सगळ्यात जोरात दाखवलं जातं ते दुसऱ्या यादीतलं.

२. कोणत्या गाड्या एकमेकींसमोर ठेवून बघायच्या?

आधी लांबी बघा, मग बिल्ला. साधारण तीन गट पडतात.

मधला गट ४.६ ते ४.८ मीटरचा: बीएमडब्ल्यू एक्स३, मर्सिडीज जीएलसी, ऑडी क्यू५, व्होल्वो एक्ससी६०. या पाच सीटच्या गाड्या आहेत, आणि दोन मुलांच्या घराला बहुतेक वेळा पुरेशा आहेत.

मोठा गट ४.९ ते ५.१ मीटरचा: बीएमडब्ल्यू एक्स५, मर्सिडीज जीएलई, ऑडी क्यू७, व्होल्वो एक्ससी९०, लँड रोव्हर डिस्कव्हरी, लेक्सस आरएक्स. सगळ्यात जास्त घोटाळा याच गटात होतो, कारण लांबी जवळपास सारखी असली तरी आतली मांडणी वेगवेगळी आहे. एक्ससी९० आणि डिस्कव्हरी मुळातच तीन रांगा डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या आहेत. एक्स५ आणि जीएलई या मूळच्या दोन रांगांच्या. तिसरी रांग काही बाजारांत जादा पैसे देऊन मिळते, आणि ती नंतर सुचलेली आहे हे बसल्यावर लगेच कळतं. २०२२ साली आलेल्या पाचव्या पिढीच्या आरएक्सला तिसरी रांगच नाही.

तिसरा गट ५.१ मीटरच्या वरचा: बीएमडब्ल्यू एक्स७ (५.१८ मीटर), मर्सिडीज जीएलएस (५.२ मीटर), लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर वाढवलेली) रेंज रोव्हर. पूर्ण वाढलेली माणसं तिसऱ्या रांगेत नेहमी बसणार असतील तर बघण्यासारखा गट हाच.

एक्स५ आणि एक्ससी९० यांची तुलना करताना लोक इंजिन मोजतात. आधी माणसं मोजा.

३. आम्ही चौघंच आहोत. तरी सात सीटची घेऊन ठेवावी का?

महिन्यातून दोनदा तरी पाचव्या-सहाव्या माणसाला नेता का, हे स्वतःला विचारा. उत्तर «वर्षातून दोन-तीनदा» असं असेल तर घेऊ नका. दुमडलेल्या तिसऱ्या रांगेमुळे डिकीचा तळ उंचावतो, तळाखालचा खण जातो, बऱ्याचदा स्टेपनीही जाते आणि वजनवाहू क्षमता कमी होते. मुलांच्या मित्रमंडळींची ने-आण रोजची असेल किंवा आजी-आजोबा सोबत राहत असतील तर गोष्ट वेगळी. मग प्रश्न ४ आणि ५ नीट वाचा.

४. तिसऱ्या रांगेत मोठं माणूस बसू शकतं का? शोरूममध्ये तर बसता आलं.

शोरूममध्ये बसता येतं, कारण त्या वेळी दुसरी रांग पूर्ण पुढे सरकवलेली असते. तपासायचा क्रम असा ठेवा. आधी चालकाची सीट घरातल्या सगळ्यात उंच चालकाच्या मापाला लावा. त्याच्या मागे दुसऱ्या रांगेत कुणाला तरी आरामात बसवा. मग, आणि मगच, तिसऱ्या रांगेत शिरा आणि दहा मिनिटं बसा.

दोन मिनिटांत डोकं टेकतं का एवढंच कळतं. दहा मिनिटांत मांड्या कळतात. तिसऱ्या रांगेची खरी अडचण गुडघ्यांपुढच्या जागेपेक्षा सीटच्या उंचीची असते: तळ उंच आणि गादी खाली असली की गुडघे छातीकडे येतात, मांड्या अधांतरी राहतात आणि सगळा भार माकडहाडावर पडतो. बॅटरी जमिनीखाली असलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांत हे जास्त जाणवतं.

आणखी तीन गोष्टी हातानं तपासा. तिथे एसीची तोंडं आणि पंख्याचा स्वतंत्र वेग आहे का. छताकडून उतरणारी पडद्यासारखी एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोचते का, हे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. आणि डोक्याचा आधार वर ओढल्यावर कवटीच्या मागे येतो की मानेतच राहतो. शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण मागून धडक बसली तर सर्वांत जवळचा माणूस तोच असतो.

५. सहा सीट घ्यावी की सात?

सहा सीटमध्ये दुसऱ्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या असतात आणि मधून मागे जायला वाट असते. दोन मुलं एकमेकांपासून हातभर लांब बसतात, त्यामुळे भांडणं कमी होतात (हा फायदा कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो). तिसऱ्या रांगेत जायला चाइल्ड सीट काढावी लागत नाही, हा त्याहून मोठा फायदा.

तोटे दोन. तीन मुलं एकाच रांगेत बसवता येत नाहीत. आणि स्वतंत्र खुर्च्या दुमडल्यावर काही गाड्यांत सपाट तळ मिळत नाही, मधे फट राहते. सायकल, पाळणा, कपाट असं काही नेणार असाल तर दुमडून बघा.

सात सीटचीच घेतलीत तर एक चाचणी चुकवू नका: दुसऱ्या रांगेच्या कडेच्या जागेवर चाइल्ड सीट बसवलेली असताना ती खुर्ची पुढे कलते का? काही गाड्यांत रिकामी चाइल्ड सीट तशीच ठेवून खुर्ची पुढे सरकते. बाकीच्यांत दर वेळी सगळं सोडवावं लागतं. रोज सकाळी घाईच्या वेळी कळायचं ते आधीच कळलेलं बरं.

६. दुसऱ्या रांगेत तीन चाइल्ड सीट शेजारी शेजारी बसतील का?

कधी कधी. सीटची रुंदी माहितीपत्रकात खांद्याच्या उंचीवर मोजलेली असते, तर चाइल्ड सीट कमरेच्या उंचीवर अडते. म्हणून एका दाराच्या हातटेकणीपासून दुसऱ्या दाराच्या हातटेकणीपर्यंत टेपनं मोजा. चाइल्ड सीट साधारण ४४ ते ५० सेंटीमीटर रुंद असतात, म्हणजे तिघांना किमान १३२ ते १५० सेंटीमीटर हवेत आणि वर बक्कल लावायला बोटं जाण्याइतकी जागा.

बहुतेक गाड्यांत आयसोफिक्सचे (चाइल्ड सीट थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवायचे) हूक फक्त कडेच्या दोन जागांवर असतात आणि मधली चाइल्ड सीट पट्ट्यानं बांधावी लागते. क्यू७ मध्ये काही बाजारांत दुसऱ्या रांगेतल्या तिन्ही जागांवर आयसोफिक्स मिळतं, आणि तिन्ही जागा वेगवेगळ्या सरकतात. तीन लहान मुलांच्या घरात ही गाडी वारंवार पुढे येते त्यामागे हेच कारण आहे. क्यू७ आणि डिस्कव्हरीच्या काही रूपांत तिसऱ्या रांगेतही आयसोफिक्स असतं. मात्र देशागणिक आणि रूपागणिक हे बदलतं, तेव्हा समोरच्या गाडीत बोट घालूनच खात्री करा.

नेहमी फसणारी गोष्ट म्हणजे बक्कल. कडेची रुंद चाइल्ड सीट मधल्या पट्ट्याच्या बक्कलवर बसते, आणि मग मधे पाठ-टेकणीचा बूस्टर (मुलाला उंच करणारी, गाडीच्याच पट्ट्यानं बांधायची सीट) वापरणाऱ्या मुलाला स्वतःचा पट्टा लावता येत नाही. तिन्ही सीट खरोखर लावून बघण्याला पर्याय नाही.

७. बाळाची मागे तोंड करून बसवायची सीट लावली की पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. मोठ्या गाडीतही?

हो, लागू शकतात. या सीट आडव्या कलत्या असल्यानं पुढे-मागे बरीच जागा खातात. युरोपातल्या आर१२९ नियमानुसार मूल किमान १५ महिन्यांचं होईपर्यंत मागे तोंड करूनच बसलं पाहिजे, आणि जितकं जास्त काळ तसं बसेल तितकी मान सुरक्षित. म्हणजे ही अडचण दोन-चार महिन्यांची नाही.

दुसरी रांग पुढे-मागे सरकणारी असेल तर ती पूर्ण मागे घ्या, सीट लावा आणि मग पुढचं माणूस बसवून बघा. तिसरी रांग उघडायची असेल तर दुसरी पुढे घ्यावी लागणार, हे विसरू नका. बाळाची सीट आणि तिसऱ्या रांगेतलं मोठं माणूस या दोन्ही गोष्टी ४.९ मीटरच्या गाडीत क्वचितच एकत्र जमतात.

८. चाइल्ड सीटच्या बाबतीत असं काही आहे का, जे गाडी घेतल्यावरच लक्षात येतं?

चार गोष्टी आहेत.

काही चाइल्ड सीटना पुढे जमिनीवर टेकणारा पाय असतो. दुसऱ्या रांगेच्या पायाशी झाकणाचा खण असेल तर त्या झाकणावर तो पाय टेकवता येत नाही. धडकेत झाकण दबतं आणि आधार जातो. गाडीची पुस्तिका एक तर तशी मनाई करते किंवा खण भरायला ठोकळा सुचवते.

आयसोफिक्सवर बसणाऱ्या सीटसाठी मूल आणि सीट मिळून ३३ किलोची मर्यादा असते. जड सीट घेतली की ती मर्यादा लवकर येते. मग मुलाला पट्ट्याच्या बूस्टरवर न्यायचं.

पुढच्या सीटवर मागे तोंड करून बाळ बसवायचं झालं तर समोरची एअरबॅग बंद असलीच पाहिजे. किल्लीचा किंवा मेनूतला तो स्विच गाडीत आहे का ते बघा, आणि शक्यतो बाळ मागेच बसवा.

चौथी गोष्ट छोटी: वरचा टेदर पट्टा (चाइल्ड सीट पुढे झुकू नये म्हणून वरून बांधायचा) कुठे अडकवायचा? काही गाड्यांत तो सीटच्या पाठीवर असतो, काहींत डिकीच्या तळात किंवा छतात. छतातून आला तर सामान ठेवताना रोज आडवा येतो.

९. डिकीचे लिटर प्रत्येक कंपनी वेगळे सांगते. खरं कुठलं?

मोजमापाची पद्धत ठरलेली आहे: २०० × १०० × ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे रचायचे आणि मोजायचे. पण ते खिडकीच्या कडेपर्यंत रचायचे की छतापर्यंत, तळाखालचा खण धरायचा की नाही, यात कंपन्या आपापली सोय बघतात. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवताना सावध राहा.

तीन रांगांच्या गाडीत विचारायचा आकडा एकच: सगळ्या सीट उभ्या असताना किती जागा? एक्स७ मध्ये ती ३२६ लिटर, जीएलएसमध्ये ३५५. तुलनेसाठी, पाच सीटच्या एक्स५ची डिकी ६५० लिटरची आहे. म्हणजे सात माणसं बसली की सव्वापाच मीटरच्या गाडीतही जेमतेम छोट्या हॅचबॅकएवढी डिकी उरते. सात जणांची सात दिवसांची बॅगांची रास त्यात मावत नाही. टपावरच्या बॉक्सबद्दल प्रश्न १७ पाहा.

बाबागाडी आडवी मावते की उभी, हे लिटरवरून कळत नाही. घरून घेऊन जा. एक्स५ आणि एक्स७चं मागचं दार दोन तुकड्यांत उघडतं: खालचा भाग बसायला उत्तम, पण आतली बॅग काढायला त्यावरून वाकावं लागतं. कंबर दुखणाऱ्या आजोबांना विचारून ठरवा.

१०. सगळ्यांनाच पाच तारे आहेत. मग सुरक्षिततेत फरक काय उरला?

चार फरक उरतात. पहिला, साल. धडक-चाचण्या घेऊन गाड्यांना तारे देणारी युरोपातली संस्था युरो एनकॅप दर काही वर्षांनी चाचण्या कडक करते, त्यामुळे जुने पाच तारे आणि नवे पाच तारे एकाच तागडीत बसत नाहीत. सहा वर्षं उलटलेलं मानांकन तिथे कालबाह्य धरलं जातं. दुसरा, वजन. समोरासमोरच्या धडकेतले तारे साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांतच तुलना करण्याजोगे असतात. तिसरा, उपकरणं: चाचणीच्या गाडीतलं एखादं साधन तुमच्या देशात जादा पैशांत असू शकतं.

कुटुंबासाठी सगळ्यात कामाचा चौथा फरक म्हणजे मागच्या सीटचे गुण. बरीच वर्षं संशोधनाचा भर पुढच्या दोघांवर होता. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेनं २०२२ साली समोरच्या धडकेच्या चाचणीत चालकाच्या मागे छोट्या चणीच्या व्यक्तीचा किंवा बारा वर्षांच्या मुलाएवढा पुतळा बसवायला सुरुवात केली, आणि पुढे उत्तम ठरलेल्या काही गाड्या मागे कमी पडल्या. मागच्या पट्ट्यांना धडकेच्या क्षणी ताणणारी आणि मग थोडी ढील देणारी यंत्रणा आहे का, हे म्हणूनच विचारायचं. एकूण तारे सोडा, मुलांच्या सुरक्षिततेची टक्केवारी वेगळी छापलेली असते, ती वाचा.

११. एअर सस्पेन्शन घ्यावं का? ऐकलंय की नंतर फार खर्चात टाकतं.

दोन्ही खरं आहे. भरलेली गाडी सपाट उभी राहते, सात माणसं आणि सामान असूनही मागचा भाग बसत नाही. चढ-उतारासाठी किंवा सामान चढवण्यासाठी गाडी चार-पाच सेंटीमीटर खाली बसते. गुडघेदुखीच्या माणसाला हा फरक फार मोठा.

बिघडतं ते असं. रबरी हवापिशव्यांना वर्षांनुवर्षांत घड्यांवर बारीक चिरा पडतात. हवा हळूहळू गळते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, तापतो आणि शेवटी जळतो. म्हणजे वेळेत पिशवी बदलली असती तर कॉम्प्रेसर वाचला असता. तपासायला सोपं आहे: सपाट जागी गाडी लावून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपरे मोजा, रात्रभर तशीच ठेवा आणि दाराला हात लावायच्या आधी पुन्हा मोजा. एखादा कोपरा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर खाली आला असेल तर गळती आहे.

पंक्चर काढताना जॅक लावायच्या आधी मेनूतून जॅक मोड चालू करा. नाहीतर गाडी स्वतःला सपाट करायला बघते आणि जॅकवर हलते.

गाडी वॉरंटीत असेपर्यंत ठेवणार असाल तर एअर सस्पेन्शन बेलाशक घ्या. दहा वर्षं ठेवणार असाल आणि गाडी क्वचितच भरत असेल तर साधी पोलादी स्प्रिंग पुरते. ती लहान चाकांवर घेतली तर आराम फारसा कमी नसतो, ते पुढच्या प्रश्नात.

१२. २१ इंची चाकं दिसायला भारी दिसतात. काही तोटा?

आहे, आणि तो रोजचा आहे. एक्स५चं उदाहरण घ्या: १९ इंची चाकाला २६५/५० टायर (रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ५० टक्के), म्हणजे बाजूची उंची १३२ मिलिमीटर. २१ इंचीला पुढे २७५/४०, म्हणजे ११० मिलिमीटर. रबराचे जे बावीस मिलिमीटर गेले, तेच खड्ड्याचा पहिला दणका पोटात घालणारे होते. परिणाम: आवाज वाढतो, तिसऱ्या रांगेत हादरे जास्त, आणि खड्ड्यात रिम वाकण्याचा किंवा टायरच्या कुशीला फुगा येण्याचा धोका वाढतो.

शिवाय मोठ्या चाकांत बऱ्याचदा मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद असतात. ते पुढे-मागे अदलाबदल करता येत नाहीत, म्हणून जोडीजोडीनं लवकर संपतात. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत तर एकच नवा टायर घालणंही महागात पडतं: झिजलेल्या आणि नव्या टायरचा घेर वेगळा, त्यामुळे ताकद वाटणारा क्लच सतत घसरत राहतो आणि तापतो. किमान एका अक्षाची जोडी बदला, आणि उरलेल्या जोडीशी किती फरक चालतो ते पुस्तिकेत बघा.

स्टेपनी आहे का, हेही विचारा. रनफ्लॅट टायर हवा गेल्यावर साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत चालतात. कूस फाटली तर पंक्चर-किटचा काही उपयोग होत नाही.

१३. पेट्रोल, डिझेल, हायब्रिड की इलेक्ट्रिक?

रोजचा प्रवास कसा आहे त्यावर. शाळा, बाजार, शिकवणी अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर डिझेल टाळा. डिझेलच्या धूरगाळणीत साठलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान आणि पंधरा-वीस मिनिटांची सलग चाल लागते. छोट्या फेऱ्यांत ते अर्धवट राहतं, जादा फवारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची पातळी वाढते आणि एक दिवस दिवा लागतो. दर आठवड्याला लांबचा हमरस्ता असेल, गाडी भरलेली असेल किंवा मागे ट्रेलर ओढायचा असेल तर डिझेलइतकं सुखाचं दुसरं नाही. ॲडब्लूची (धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या द्रवाची) टाकी तेवढी रिकामी होऊ देऊ नका. ती संपली की इंजिन बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही.

लेक्ससची स्वतः चार्ज होणारी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली) शहरातल्या थांबत-थांबत चालीत सगळ्यात कमी कटकटीची. ४८ व्होल्टची «माइल्ड हायब्रिड» ही मात्र पेट्रोल-डिझेल गाडीच समजा. इंजिन बंद-चालू होताना धक्का कमी बसतो आणि इंधन थोडं वाचतं, एवढंच.

इलेक्ट्रिक शांत आणि गुळगुळीत असते. पण घरी चार्जिंग नसेल तर मुलं मागे बसलेली असताना चार्जरच्या रांगेत थांबण्याचा हिशेब आधी करा. चार्जरला जोडून चार्ज करायच्या प्लग-इन हायब्रिडसाठी पुढचा प्रश्न.

१४. प्लग-इन हायब्रिडमध्ये सात सीट मिळतात का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे लोकांना नोंदणी करताना कळतं. बॅटरी सहसा डिकीच्या तळाखाली बसते, म्हणजे तिसऱ्या रांगेचीच जागा खाते. एक्स५, क्यू७ आणि जीएलईची प्लग-इन रूपं म्हणूनच पाच सीटची आहेत. ठळक अपवाद व्होल्वो एक्ससी९०चा: तिची बॅटरी मधल्या बोगद्यात आहे, त्यामुळे सातही सीट राहतात.

प्लग-इन रोज रात्री चार्ज करणार असाल तरच घ्या. न करता वापरली तर बॅटरीचं दोन-तीनशे किलो ओझं वाहणारी पेट्रोल गाडी एवढाच अर्थ उरतो.

१५. ऑल-व्हील ड्राइव्ह पुरे की लॅडर फ्रेमची खरीखुरी ऑफ-रोडर हवी?

कच्चा रस्ता, ओला चढ, बर्फ, चिखलाचं मैदान: चांगले टायर घातलेली ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणारी गाडी) पुरते. लॅडर फ्रेमच्या (शिडीसारख्या सांगाड्यावर बॉडी बसवलेल्या) गाड्या, उदाहरणार्थ लेक्सस एलएक्स आणि जीएक्स, दगडधोंड्यांत आणि निर्जन प्रवासात उजव्या. बदल्यात सपाट रस्त्यावर त्या जास्त डोलतात, आणि फ्रेमच्या उंचीमुळे आत तळ उंच येतो. दोन्हींच्या मधे बसते डिस्कव्हरी, एकसंध ॲल्युमिनियमची आणि ९०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता सांगणारी.

१६. मुलांना गाडी लागते. कुठल्या एसयूव्हीत कमी लागेल?

«मऊ गाडीत जास्त लागते» हे अर्धंच खरं. पोटात कालवाकालव करणारी हालचाल सगळ्यात जास्त त्रास देते ती ०.२ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पाच सेकंदांत एक हेलकावा. स्प्रिंगवरचं गाडीचं उसळणं यापेक्षा बरंच जलद असतं. ते संथ हेलकावे येतात ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि वळणांतून, म्हणजे चालकाकडून. इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलताच लागणारा जोरदार ब्रेक मेनूतून कमी केला तर मागच्यांना लगेच बरं वाटतं.

गाडीचा वाटा मुख्यतः बाहेर किती दिसतं यात. खिडकीची कड उंच, काचा गडद आणि पुढच्या सीट रुंद असल्या की मुलाला क्षितिज दिसत नाही. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर स्वतःचं डोकं नेऊन बघा. तिसरी रांग मागच्या चाकांच्या वर आणि छोट्या काचेशी असते. गाडी लागणाऱ्याला तिथे बसवू नका. पुढच्या सीटच्या पाठीवरचे पडदे या मुलासाठी घेऊच नका.

१७. सात माणसं, सामान आणि टपावर बॉक्स. इतकं वजन चालतं का?

पुष्कळदा चालत नाही. दाराच्या खांबावरच्या चिठ्ठीत गाडीचं जास्तीत जास्त एकूण वजन असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की भार उरतो. समजा तो ६०० किलो आला. ७५ किलोची सात माणसं म्हणजे ५२५. उरले ७५ किलो, त्यात बॅगा, बाबागाडी, पाणी, बॉक्स सगळं. काही देशांत रिकाम्या गाडीच्या वजनात ७५ किलोचा चालक आधीच धरलेला असतो, काहींत नसतो; ते बघून बेरीज करा. काचेचं छप्पर, तिसरी रांग, मोठी चाकं, प्लग-इन बॅटरी हे सगळं याच ६०० मधून जातं. ट्रेलर ओढत असाल तर हुकावरचा भारही यातच.

टपाची मर्यादा वेगळी, साधारण ७५ ते १०० किलो, आणि तिच्यात बॉक्स आणि दांड्याही येतात. ७५ च्या मर्यादेत २० किलोचा बॉक्स आणि ६ किलोच्या दांड्या गेल्या की ४९ किलो सामान उरतं. जड बॅगा खाली, रजया वर.

१८. काचेचं मोठं छप्पर घ्यावं का?

मुलांना आवडतं, यात वाद नाही. पण उघडणाऱ्या छपराच्या चौकटीमुळे मागे डोक्यावरची दोन-तीन सेंटीमीटर जागा जाते. उंच माणसं असतील तर छप्पर असलेल्या गाडीतच बसून बघा. चौकटीच्या चार कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात. त्या पानं-मातीनं तुंबल्या की पाणी खांबातून उतरून पायाशी येतं, आणि या गाड्यांत गालिच्याखाली महागडी नियंत्रक यंत्रं असतात. वर्षातून दोनदा कोपऱ्यांत थोडं पाणी ओतून ते चाकांमागे बाहेर पडतं का ते बघा. दाबाची हवा मारू नका, नळी सांध्यातून निसटते.

१९. तेवढ्याच पैशांत नवी मधली गाडी मिळते किंवा चार वर्षांची मोठी. काय करावं?

जागेची गरज खरी असेल तर जुनी मोठी, पण हे लक्षात ठेवून: घेताना किंमत निम्मी झालेली असली तरी सुटे भाग आणि टायर नव्या गाडीच्याच भावानं मिळतात. बघायला जाताना इंजिन पूर्ण गार असेल असं आधी सांगा. एअर सस्पेन्शनची प्रश्न ११ मधली चाचणी करा, गालिचे उचलून ओल बघा, तिसऱ्या रांगेच्या मोटरा आणि मागचा एसी चालवून बघा. चारही टायर एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले आहेत का? नसतील तर ताकद वाटणाऱ्या यंत्रणेची स्वतंत्र तपासणी मागा (कारण प्रश्न १२ मध्ये).

पुढची काच बदललेली असेल तर काचेमागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन केल्याचा कागद हवा; तो कॅमेरा अंशभर तिरका असला तरी आपोआप लागणारा ब्रेक चुकीच्या जागी बघतो. बारा व्होल्टची बॅटरी बदलली असेल तर बऱ्याच युरोपीय गाड्यांत ती गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते. ती नोंदवली नसेल तर चार्जिंग चुकतं आणि विचित्र इशारे येत राहतात. प्लग-इन किंवा इलेक्ट्रिक असेल तर मोठ्या बॅटरीची वॉरंटी (बहुधा आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर) दुसऱ्या मालकाकडे जाते का, ते लेखी घ्या.

२०. टेस्ट ड्राइव्ह पंधरा मिनिटांची मिळते. त्यात काय काय बघू?

दोनदा जा. पहिल्यांदा गाडी चालवूच नका. चाइल्ड सीट, बाबागाडी, टेप आणि घरातली सगळी माणसं घेऊन जा आणि उभ्या गाडीत प्रश्न ४ ते ९ मधलं सगळं करा. तासभर लागतो. विक्रेता कंटाळला तरी हरकत नाही.

दुसऱ्यांदा चालवा, पण अर्धा वेळ स्वतः मागे बसा. तुम्ही घेणार तीच चाकं आणि तेच सस्पेन्शन असलेली गाडी मागा. सगळ्यात वरच्या रूपाची गाडी चालवून सगळ्यात खालचं रूप घेणं ही या वर्गातली नेहमीची चूक आहे. चालता चालता पडद्यावर नजर न खिळवता मागचा एसी कमी करता येतो का, काचेवरची वाफ घालवता येते का, ते करून बघा. घराजवळची सगळ्यात अडचणीची पार्किंगची जागा मोजून न्या. आरशांसह या गाड्या २.१५ ते २.२ मीटर रुंद असतात, आणि मुलाला सीटमध्ये बसवायला दार निम्मं तरी उघडावं लागतं. मागची चाकंही वळणारी गाडी मिळत असेल तर तिला एका वळणावर फिरवून बघा. क्यू७सारख्या गाडीत मागची चाकं पुढच्यांच्या उलट पाच अंशांपर्यंत वळतात, आणि अरुंद जागेत गाडी एका आकारानं लहान झाल्यासारखी वाटते.

२१. घरात एकाला एक गाडी हवी, दुसऱ्याला दुसरी. दोन्ही सगळ्या चाचण्यांत पास. आता?

जो जास्त वेळा मुलांना बांधून, सोडवून, सामान चढवून गाडी चालवणार आहे, त्याचं मत चालू द्या. तरीही बरोबरी राहिली तर सर्व्हिस सेंटर घरापासून किती दूर आहे आणि सर्व्हिसला गेल्यावर बदली गाडी सात सीटची मिळते का, ते दोन्हीकडे विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ऐन वेळीच कळतं.